शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी

आईबाप, शिक्षक व मंडळ्यांतील सेवक ह्यांच्याकरिता एक पाठ

दिवाळी सरली म्हणजे वाळवे तालुक्याच्या शिवारांत उसाच्या तोडीस आरंभ होतो. कृष्णाकाठच्या वाटा उसाच्या गाड्यांनी भरून जातात, घरोघरची माणसे पहाटेच रानाची वाट धरितात, आणि इस्लामपूरच्या आसपासच्या कित्येक खेड्यांत शाळेतील हजेरी हळूहळू उतरू लागते. (ह्या गावाचे नाव शासनाने २०२५ साली ईश्वरपूर असे केले आहे, वाचकांच्या ओळखीचे म्हणून आम्ही येथे पूर्वीचेच नाव योजितो.) थोरली मुलगी धाकट्या भावंडास सांभाळावयास घरी राहते, मुलगा जनावरांमागे जातो, आणि वही खुंटीस टांगलेल्या पिशवीतच राहते. नेमक्या ह्याच हंगामात शिष्यवृत्तीच्या परीक्षांचे दिवस जवळ येत असतात.

ह्या परीक्षांविषयी आमच्या लोकांत दोन समज आढळतात. कोणी म्हणतात, "ती परीक्षा शहरातल्या शिकलेल्यांच्या मुलांची, आपल्या पोरांस ती कोठून यावी?" दुसरे म्हणतात, "नशिबात असेल तर मिळेल." आम्हांस हे दोन्ही समज चुकीचे वाटतात. परीक्षा ही एक रीत आहे, आणि जी रीत आहे ती शिकता येते. नांगर धरावयास जसे शिकावे लागते, तसेच प्रश्नपत्रिका हाती धरावयासही शिकावे लागते. ज्या घरी आजा, बाप व आई ही सर्व शाळेत गेलेली असतात, तेथे मूल ती रीत बसल्याजागी शिकते. ज्या घरी मूल हेच पहिले शिकणारे, तेथे ती कोणी तरी मुद्दाम दाखविली पाहिजे. ती कशी दाखवावी हे सांगणे, एवढाच ह्या पाठाचा उद्देश आहे.

१. आमच्या हातून झालेली एक चूक

प्रथम आमचीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांमागे आम्ही संध्याकाळच्या वेळी पाचवीच्या आठदहा मुलांस जमवून शिकवीत होतो. त्यांत एक मुलगी होती. तिचा बाप दुसऱ्याच्या रानात मजुरीने जाणारा, आईही त्याच कामाची. मुलीस तीसपर्यंतचे पाढे मुखोद्गत होते. अपूर्णांकांची उदाहरणे ती आमच्या आधी सोडवी. हिला शिष्यवृत्ती मिळणारच, असे आम्ही तिच्या बापास वारंवार सांगितले होते.

परीक्षा झाली आणि मुलगी हसत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रश्नपत्रिका पुढे ठेवून एकेक उत्तर विचारू लागलो. बहुतेक उत्तरे बरोबर होती. सहज विचारिले, "एखादा प्रश्न सोडलास काय?" ती म्हणाली, "चौदावा आला नाही म्हणून सोडला, गुरुजी." "मग चौदाव्या ओळीतील वर्तुळे कोरी ठेविलीस ना?" ती गोंधळली. तिने पंधराव्याचे उत्तर चौदाव्या ओळीत रंगविले होते, सोळाव्याचे पंधराव्या ओळीत, आणि असेच शेवटपर्यंत. ती म्हणाली, "शेवटी एक ओळ उरली, तेव्हा मला वाटले, ती जादाच छापली असेल."

त्या एका ओळीच्या अंतराने तिचा सबंध पेपर गेला. निकालानंतर बाप आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, एवढं शिकवून काय झालं? आता पुरे झाली शाळा." आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्या मुलीस चार महिने गणित शिकविले होते, परंतु उत्तरपत्रिकेचा कागद एकदाही तिच्या हाती दिला नव्हता. चूक मुलीची नव्हती, शिकविणाऱ्याची होती. तिचे पुढे काय झाले हे पाठाच्या शेवटी सांगू.

२. परीक्षा कोणत्या, आणि त्यांपासून काय मिळते

खेड्यातील मुलांस उपयोगी अशा तीन परीक्षा आईबापांस ठाऊक असाव्यात.

पहिली, राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा. ही १९५४-५५ पासून चालू आहे, आणि ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पुष्कळ वर्षे ती चौथी व सातवीच्या मुलांकरिता होती. २०१६-१७ पासून पाचवी व आठवीत घेण्यात येऊ लागली. आणि २०२५ साली शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचे ठरविले. सबब आपल्या मुलाने कोणत्या इयत्तेत बसावयाचे, हे वर्षाच्या आरंभीच मुख्याध्यापकांस विचारून घ्यावे. परीक्षेत दोन पेपर असतात. एकात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा, म्हणजे मराठी शाळांत इंग्रजी, व बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण आणि ९० मिनिटे वेळ. प्रत्येक पेपरात निदान शेकडा ४० गुण मिळाल्यावाचून मूल पात्र ठरत नाही. २०२३ साली शासनाने शिष्यवृत्तीची रक्कम वाढवून खालच्या इयत्तेस वर्षाला ५,००० रुपये व वरच्या इयत्तेस ७,५०० रुपये केली.

दुसरी, आर्थिक दुर्बल घटकांतील मुलांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा. ही केंद्र सरकारची योजना २००८ साली सुरू झाली. आठवीत शिकणारे मूल तीस बसते. मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या अथवा अनुदानित शाळेत असावे, आईबापांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांहून अधिक नसावे, आणि सातवीत शेकडा ५५ गुण असावेत. अनुसूचित जाती व जमातींच्या मुलांस ह्यात पाच गुणांची सवलत आहे. बौद्धिक क्षमता चाचणी व शालेय क्षमता चाचणी असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न व ९० मिनिटे. निवड झालेल्या मुलास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. आठवी झाली की मजुरीस जोडून द्यावे, असा विचार ज्या घरात चालतो, त्या घरात हे ४८,००० रुपये म्हणजे मुलाची पुढील चार वर्षेच होत.

तिसरी, जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा. आपल्या सांगली जिल्ह्याचे हे विद्यालय पलूस येथे आहे. पाचवीतील मूल सहावीच्या प्रवेशाकरिता बसते. शेकडा ७५ जागा ग्रामीण भागातील मुलांकरिता राखलेल्या असतात, आणि राहणे, जेवण व शिकणे विनामूल्य असते. दोन तासांत ८० प्रश्न: ४० मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे व २० भाषेचे. ही परीक्षा एकदाच देता येते. म्हणून "ह्या वर्षी पाहून येऊ, पुढल्या वर्षी नीट बसू" असे येथे चालत नाही.

३. शिष्यवृत्ती व न्याय

पूर्वी आपल्याकडे मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा हा खेड्यातील मुलाचा मोठा दरवाजा होता. ती उतरलेला मुलगा शिक्षक होऊ शके. त्याही काळी हा प्रश्न होताच, की परीक्षा सर्वांस सारखी असली तरी परीक्षेपर्यंत येण्याची वाट सर्वांस सारखी आहे काय?

हा प्रश्न स्पष्ट बोलणारे गृहस्थ सातारा जिल्ह्यातील कटगूणच्या घराण्यातील होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी निवेदन दिले. त्यांचे म्हणणे असे, की सरकारी शिष्यवृत्त्यांपैकी निम्म्या, ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार झालेला नाही अशा वर्गांच्या मुलांस द्याव्यात. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे हे तत्त्वतः न्यायाचे दिसते, परंतु त्यापासून इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, असेही त्यांनी सांगितले.

ही गोष्ट आम्ही येथे का काढितो? काही लोक म्हणतील, "मग अशा परीक्षेच्या मागे लागावे तरी कशाला?" आमचे उत्तर असे, की नियम बदलवून घेण्याचे काम मोठ्यांचे आहे व ते चालूच राहावे, नवोदयातील ग्रामीण जागा व उत्पन्नाची अट ह्या अशाच मागण्यांची फळे होत. परंतु नियम बदलेपर्यंत ह्या वर्षीचे मूल थांबून राहू शकत नाही. त्याचे वय निघून जाते. जी वाट दुसऱ्यांस घरीच मिळाली, ती आपण आपल्या मुलास संध्याकाळच्या एका तासात दाखवावी, हेच आपल्या हाती आहे.

४. पाठ पक्का कसा होतो

आमच्या खेड्यांत अभ्यास म्हणजे मोठ्याने वाचणे, असे समजतात. मूल तोच धडा पाचदा घोकते, आईस आवाज ऐकू येतो, आणि आईस समाधान वाटते. परंतु पुस्तक मिटून "काय वाचलेस?" असे विचारिले, तर पालथ्या घड्यावर पाणी.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली असे दाखविले, की पाठ केलेले मनुष्य प्रथम फार वेगाने विसरते व पुढे सावकाश विसरते. सबब उजळणी करावयाची ती विसरण्याच्या तोंडाशीच करावी: दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा, महिन्याने एकदा. परीक्षेच्या आदल्या रात्री सर्व पुस्तक उघडणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

ह्याहून उपयोगी गोष्ट २००६ साली रोडिगर व कार्पिकी ह्या अमेरिकेतील दोघा संशोधकांनी दाखविली. त्यांनी विद्यार्थ्यांस काही उतारे वाचावयास दिले. एका बाजूने उतारा पुन्हा वाचविला. दुसऱ्या बाजूने तो न पाहता आठवेल तेवढा लिहविला. पाच मिनिटांनी विचारिले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु आठवड्याने विचारिले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. ह्यावरून असे ठरते, की पुस्तक मिटून आठवणे हाच खरा अभ्यास. मूल अडखळते, चुकते, डोके खाजविते, तेव्हाच पाठ मनात रुजत असतो. आईस वाचता येत नसले तरी ती चूल सारविता सारविता विचारू शकते, "आज शाळेत काय सांगितलं? पुस्तक न बघता सांग." ह्याला पैसा लागत नाही.

संध्याकाळचा एक तास मिळाला तर तो असा वाटावा. पहिली दहा मिनिटे कालचे आठवणे. पुढील वीस मिनिटे गणित. पुढील वीस मिनिटे एके दिवशी भाषा व एके दिवशी बुद्धिमत्ता. शेवटची दहा मिनिटे चुकांची वही. ही वही प्रत्येक मुलाची वेगळी असावी. चुकलेला प्रश्न तीत उतरावा आणि त्यापुढे चुकीचे कारण लिहावे: येत नव्हते, घाई केली, की प्रश्नच समजला नाही. ह्या तीन चुकांचे औषध तीन प्रकारचे आहे. येत नव्हते त्यास शिकवावे. घाई केली त्यास सावकाश करवावे. प्रश्न समजला नाही त्यास भाषा वाचावयास लावावी. सर्वांस एकच छडी हे औषध नव्हे. मार खाल्लेले मूल चूक लपवावयास शिकते, आणि लपविलेली चूक परीक्षेच्या दिवशीच बाहेर येते.

५. भाषा, गणित व बुद्धिमत्ता

भाषा. आमची मुले घरी जोंधळा म्हणतात, पुस्तक ज्वारी म्हणते. आम्ही रान म्हणतो, पुस्तक शेत म्हणते. मुलाच्या बोलीस कोणी हसू नये. बोलीचा शब्द व पुस्तकाचा शब्द असे जोडीने वहीत लिहवावे, म्हणजे मुलास एकाचे दोन शब्द होतील. उतारा वाचावयाचा तो आधी प्रश्न पाहून, मग उतारा, मग पुन्हा प्रश्न, ह्या क्रमाने. आणि प्रश्नात "नाही", "चुकीचा", "गटात न बसणारा" असे शब्द आले की त्यांखाली रेघ ओढावी. बरोबर पर्याय निवडण्याची सवय लागलेले मूल चुकीचा पर्याय विचारला असता हमखास फसते.

गणित. पर्यायी उत्तरे कशी रचिलेली असतात हे मुलांस दाखवावे. समजा, प्रश्न असा आहे: एका शेतकऱ्याने ४५ रुपये किलो दराने १२ किलो गूळ विकला व गाडीभाड्यास ३० रुपये दिले, हाती किती राहिले? पर्याय: ५४०, ५७०, १०५, ५१०. खरे उत्तर ५१०. परंतु इतर तीन आकडे उगीच घातलेले नाहीत. ज्याने गुणाकार करून तेथेच हात थांबविला, त्याच्याकरिता ५४०. ज्याने वजाबाकीऐवजी बेरीज केली, त्याच्याकरिता ५७०. ज्याने गुणाकाराच्या दुसऱ्या ओळीत एक घर सोडले नाही, त्याचा गुणाकार १३५ येतो आणि त्यातून ३० गेले की १०५. म्हणजे प्रत्येक चुकणाऱ्यास आपले उत्तर समोर छापलेले दिसते व त्यास वाटते, आपले बरोबरच आले. सबब उत्तर पर्यायांत आहे एवढ्यावरून ते खरे मानू नये. काय विचारले होते, हे पुन्हा वाचावे. मुलांस स्वतःच असे प्रश्न व असे फसवे पर्याय रचावयास सांगितले, तर ती फार आनंदाने रचितात, आणि त्यानंतर क्वचितच फसतात.

बुद्धिमत्ता. ह्या नावाने आईबाप घाबरतात. त्यांस वाटते, बुद्धी तर देणगीची. तिची तयारी कशी होणार? ह्या चाचण्यांचा उगम पाहिला तर भीती जाईल. १९०५ साली पॅरिस शहरात आल्फ्रेड बिने ह्यांनी अशी पहिली चाचणी रचिली ती हुशार मुले वेचण्याकरिता नव्हे; ज्या मुलांस शाळेत अधिक मदत पाहिजे ती ओळखण्याकरिता रचिली. बुद्धी शिकण्याने वाढते, असेच त्यांचे मत होते. आपल्याकडे डॉ. वि. वि. कामत ह्यांनी बिनेची चाचणी मराठी व कानडी मुलांकरिता बसवून घेतली, आणि त्यावरील त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. शिष्यवृत्तीच्या पेपरातील प्रश्न तर ठरावीक जातींचे असतात, आणि जात ओळखता आली की उत्तर येते.

संख्यामाला घ्या: ३, ६, ११, १८, २७, पुढे काय? मुलाने शेजारशेजारच्या संख्यांतील फरक खाली लिहावा: ३, ५, ७, ९. पुढील फरक ११. म्हणून उत्तर ३८. दिशेचा प्रश्न घ्या: एक मुलगा घरातून उत्तरेस ४० मीटर गेला, उजवीकडे वळून ३० मीटर गेला, पुन्हा उजवीकडे वळून ४० मीटर गेला, तो घरापासून किती दूर व कोणत्या दिशेस आहे? हा प्रश्न फळ्यावर समजावू नये. मुलास अंगणात उभे करावे, सूर्य उगवतो ती बाजू दाखवावी, आणि पावले मोजून चालावयास सांगावे. ते स्वतःच घराच्या पूर्वेस तीस पावलांवर जाऊन उभे राहील. आरशातील आकृतीकरिता घरातील आरसा घ्यावा, पाण्यातील प्रतिबिंबाकरिता परात भरावी. गटात न बसणारा शब्द ओळखताना मुलाकडून कारण वदवून घ्यावे. बाजरी, गहू, तांदूळ, हरभरा ह्यांत हरभरा वेगळा, कारण ते कडधान्य आहे व इतर तृणधान्ये आहेत. शेतकऱ्याच्या मुलास हे शहरातील मुलापेक्षा लवकर कळते. आपल्या मुलांजवळ काय नाही हेच नेहमी न सांगता, त्यांजवळ काय आहे हेही त्यांस सांगावे.

६. वेळ व उत्तरपत्रिका

राज्याच्या परीक्षेत ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नास ७२ सेकंद पडतात. राष्ट्रीय परीक्षेत एका प्रश्नास बरोबर एक मिनिट. नवोदयच्या परीक्षेत दीड मिनिट. मुलास ७२ सेकंद म्हणजे किती, हे सांगून कळत नाही; घड्याळ पुढे ठेवून निदान दहा वेळा पूर्ण पेपर सोडवून घ्यावा. पेपर तीन फेऱ्यांत सोडवावा. पहिल्या फेरीत पाहताक्षणी येणारे सर्व प्रश्न. दुसऱ्या फेरीत विचार करून येणारे. तिसऱ्या फेरीत राहिलेले. एका अवघड उदाहरणाशी दहा मिनिटे झुंजणारे मूल पुढील आठ सोपे प्रश्न गमावते.

ह्या परीक्षांत चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहीत. सबब तिसऱ्या फेरीअखेर एकही प्रश्न कोरा ठेवू नये. चार पर्यायांचे वीस प्रश्न राहिले व ते केवळ अंदाजाने सोडविले, तर साधारणपणे पाच बरोबर येतील. राज्याच्या परीक्षेत प्रत्येकी दोन गुण धरिता दहा गुण झाले. चारांपैकी दोन पर्याय उघड चुकीचे म्हणून वगळता आले, तर निम्मे बरोबर येण्याचा संभव. एका भाविक बापाने आम्हांस विचारिले, "माहीत नसता उत्तर लिहिणं हे खोटं बोलणं नव्हे काय?" आमचे उत्तर असे: परीक्षा घेणाऱ्यांनीच ही मुभा दिली आहे व ती सर्वांस सारखी आहे; तीत लबाडी नाही. लबाडी आहे ती शेजारच्याचे पाहण्यात, अथवा कोणी मोठ्या माणसाने दयेपोटी हळूच उत्तर सांगितले असता ते घेण्यात. कारण त्या उत्तराने दुसऱ्या कोणा मुलाची जागा जाते. हे मुलांस घरीच बजावून ठेवावे.

वरच्या इयत्तेच्या राज्य परीक्षेत काही प्रश्नांस दोन उत्तरे बरोबर असतात व दोन्ही रंगवावी लागतात. तसा उल्लेख प्रश्नातच असतो. म्हणून प्रश्न शेवटपर्यंत वाचावा.

आता आमच्या चुकीचा धडा. उत्तरपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नापुढे चार वर्तुळे असतात, आणि ती यंत्र तपासते. यंत्र मुलाचे मन ओळखीत नाही. काळ्या अथवा निळ्या बॉलपेनने वर्तुळ पूर्ण भरावे. अर्धवट भरू नये, खाडाखोड करू नये. पहिल्या दिवसापासून प्रत्येक सराव अशा कागदावरच घ्यावा. छापील नसेल तर वाटीच्या नव्हे, बांगडीच्याही नव्हे, तर शर्टाच्या लहान बटणाच्या आकाराची वर्तुळे वहीत काढून घ्यावी. प्रश्न सोडला तर त्याची ओळ सोडावी. आणि प्रत्येक पाच प्रश्नांनंतर प्रश्नपत्रिकेतील क्रमांक व उत्तरपत्रिकेतील क्रमांक जुळतो की नाही, ह्यावर बोट ठेवून पाहावे. ही सवय बोटांस लागली पाहिजे. केवळ सांगून भागत नाही.

७. घराचे कर्तव्य

मुलास शिकवणीस घातले म्हणजे आपले काम संपले, असे कित्येक आईबाप मानितात. आणि ज्यांस शिकवणीचे पैसे देता येत नाहीत, ते आपल्या हाती काहीच नाही असे मानितात. दोघांनीही पुढील गोष्टी कराव्यात. तोडीच्या हंगामात निदान संध्याकाळचा एक तास मुलास, आणि मुलीसही, कामातून मोकळे ठेवावे. पुष्कळ घरी मुलगा पुस्तक घेऊन बसतो व मुलगी भांडी घेऊन. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलास वेळेवर निजवावे. केंद्र कोठे आहे हे आधी जाऊन पाहून यावे. प्रवेशपत्र व दोन पेने पिशवीत घालून ठेवावी.

कागदपत्रांची काळजी बापाने घ्यावी. राष्ट्रीय शिष्यवृत्तीकरिता उत्पन्नाचा दाखला लागतो; वाळवे तालुक्याची कचेरी इस्लामपुरातच आहे, तेथे लवकर अर्ज करावा. मुलाचे बँकेतील खाते उघडावे, आणि शाळेतील नाव, आधार कार्डावरील नाव व खात्यावरील नाव एकच आहे की नाही हे पाहावे. निवड झाल्यावरही दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. मुलाने कष्टाने मिळविलेले बापाच्या विसरभोळेपणाने जाऊ नये.

गावातील सेवकांनी व शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून तीन संध्याकाळ तरी दिवा लावून बसावे. मुले कोणाचीही येवोत, कोणत्याही वाड्यातील येवोत. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका शाळेतून मागून घ्याव्यात. स्वतःस गणित येत नसेल तरी घड्याळ धरावे, उत्तरे ताडून पाहावी, चुकांच्या वह्या पाहाव्यात. एवढे पुष्कळ आहे.

८. निकालानंतर

किती जणांस शिष्यवृत्ती द्यावयाची हे आधीच ठरलेले असते. म्हणून चांगली तयारी केलेल्या मुलांपैकीही पुष्कळांस ती मिळणार नाही. ही गोष्ट मुलास आधीच सांगून ठेवावी, आणि आईबापांनी स्वतःही मनाशी धरावी. निकाल हा एका दिवसाच्या एका कागदाचा आहे. तो मुलाच्या किमतीचा नव्हे. रयत शिक्षण संस्था स्थापणारे कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचे घराणे ह्याच वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. ते स्वतः मॅट्रिकची परीक्षा उतरलेले नव्हते. तथापि १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी लाविलेल्या रोपाच्या सावलीत खेड्यापाड्यांतील किती मुले शिकली, हे ह्या भागात कोणास सांगावयास नको.

आता त्या मुलीविषयी. बापाने शाळा बंद करण्याचे बोलून दाखविले, परंतु आई ऐकेना. म्हणून मुलगी शाळेत राहिली. आठवीत ती राष्ट्रीय परीक्षेस बसली. ह्या वेळी आम्ही तिच्याकडून वर्तुळांची पाने भरभरून घेतली होती, आणि तिची एकही ओळ चुकली नाही. तरीही निवडीच्या यादीत तिचे नाव आले नाही. आम्हांस वाईट वाटले, आणि आता बाप काय म्हणेल ह्याची भीतीही वाटली.

पुढे एके दिवशी बाप मजुरीचा हिशेब घेऊन घरी आला. मुकादमाने ७,६५० रुपये हाती ठेविले होते. मुलीने विचारिले, "दिवस किती भरले, बाबा?" तो म्हणाला, "तेवीस." "रोज किती?" "साडेतीनशे." तिने कागद न घेता सांगितले, "मग आठ हजार पन्नास व्हायला पाहिजेत. चारशे कमी आहेत." बाप दुसऱ्या दिवशी गेला, मुकादमाने वही पाहिली, बेरजेत चूक निघाली, आणि चारशे रुपये मिळाले. त्या दिवसानंतर त्या घरात शाळा बंद करण्याचे नाव निघाले नाही. मुलगी दहावी उतरली व अकरावीस गेली. तिचा धाकटा भाऊ आता संध्याकाळी येतो, आणि दर पाच प्रश्नांनंतर क्रमांकावर बोट ठेवितो. ते त्यास आम्ही शिकविले नाही, बहिणीने शिकविले.

विचार करण्याजोगे प्रश्न

१. आपल्या गावातील किती मुले ह्या वर्षी ह्या तीन परीक्षांस बसण्यास पात्र आहेत? त्यांची नावे कोणी लिहून काढिली आहेत काय?

२. घोकणे व आठवणे ह्यांत भेद काय? आपल्या मुलाकडून आज पुस्तक मिटून काय आठवून घ्याल?

३. चुकांच्या तीन जाती कोणत्या? प्रत्येकीचे औषध सांगा.

४. ४५ व १२ ह्यांच्या उदाहरणात १०५ हा पर्याय कोणत्या चुकीतून येतो, हे मुलाकडून वदवून घ्या.

५. अंदाजाने उत्तर देणे व दुसऱ्याचे पाहून लिहिणे ह्यांत फरक काय, हे मुलांस कसे समजावाल?

६. आपल्या घरी संध्याकाळी पुस्तक कोणाच्या हाती असते, आणि भांडी कोणाच्या?